जैबूबाईंचा एक

जैबूबाईंना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बालवाडीत एक खुर्ची होती, मीच दिलेली, वेताची. तिच्यावर मुलांची दप्तरं बसायची आणि बाई जमिनीवर. गुडघे दुखायचे. बसताना एकदा आणि उठताना दोनदा 'या अल्ला' म्हणायच्या, तो आवाज वर माझ्या खोलीपर्यंत यायचा. न राहवून मी एकदा म्हटलं, "बाई, खुर्ची आहे की."

"भाऊसाहेब, ह्यांचं सगळं खाली चालतंय," त्या म्हणाल्या. "वर बसून मला काय दिसनार?"

मी निलंग्याच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर लोकांचा गलका ऐकला, त्यामुळे उरलेलं आयुष्य शांततेत काढायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा होती. खालच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि त्या रिकाम्याच ठेवायच्या होत्या. पण मी डोळे दाखवायला लातूरला गेलो आणि तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुलभाने, बालवाडीला जागा देऊन टाकली. संध्याकाळी परत आलो तर दारावर कागदी पानांचं वेडंवाकडं तोरण. एक पान हिरवं, एक पिवळं, मग दोन हिरवी, एक पिवळं. मी तोरणाकडे बघत उभा असताना आतून एक बाई म्हणाल्या, "पुढचं कोनतं लावायचं सांगा बरं." मला सांगता आलं नाही. मी प्रवासाचा थकवा आहे असं सांगितलं आणि वर गेलो.

त्यांचं नाव जैबुन्निसा मणियार. पोरांच्या जिभेला ते पेलेना, म्हणून जैबूबाई. मणियार म्हणजे बांगडीवाले. वडील गावोगावच्या जत्रांत आणि घरोघरी बांगड्या भरायचे. आपल्याला कोणाच्या घरात कधी काय असतं हे कसं माहीत, याचं कारण त्या तेच सांगायच्या. संक्रांत कोणाची, नागपंचमी कोणाची, हळद कोणाकडे, ओटी कोणाकडे, सगळं बांगडीवाल्याच्या घरी आधी कळतं. लहानपणी वडिलांच्या मांडीशी बसून बांगड्या मोजता मोजता त्यांना आकडे आले आणि आकड्यांबरोबर सगळ्या गावाचे सण.

बालवाडीही त्यांनी सणांवरच चालवली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता नाही, पाढ्यांचा नाही, फक्त एक कॅलेंडर. सण आला की तो आपले आकडे आणि आपलं अक्षर घेऊन यायचा आणि गेला की ते मुलांकडे ठेवून जायचा. हौशी पालक इंग्रजी चित्रांची, रंग भरायची, टिंबं जोडायची पुस्तकं आणून द्यायचे. बाई दोन्ही हातांनी घ्यायच्या, "कागद लई चांगला हाय," म्हणायच्या आणि कपाटात ठेवायच्या. कुणी विचारलंच की पोरांना अजून वीसपर्यंत का येत नाही, तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "घाई कशाला. आकडा कुटं पळून जातोय?"

पहिल्या वर्षीचा पोळा मला विसरता येत नाही. काळ्या मातीचे बैल करायचं काम चाललं होतं. मी जिन्यावर बसून पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर हातात होता. विराज नावाच्या एका पोराने बैलाला तीनच पाय लावले. बाजूच्या पोरींनी लगेच तक्रार केली.

"किती पाय झाले रे?" बाईंनी विचारलं.

"तीन."

"आन् ह्यांच्या बैलाला?"

"चार. पन त्यांचे डुगडुगायलेत. माझा गप उभा हाय."

आता इथे मी असतो तर चौथा पाय लावून दिला असता आणि विषय मिटवला असता. बाईंनी गाल जवळजवळ फरशीला टेकवून तीन पायांचा बैल पाहिला. मग चार पायांचे सगळे बैल एकेक बोट लावून पाहिले. खरंच डुगडुगत होते. "खरं हाय की," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खोटं कौतुक नव्हतं, त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. मग सगळ्या वर्गाने दोन पायांचा बैल करून पाहिला, तो पडला. एका पायाचा करून पाहिला, तोही पडला. तीन पायांचे जेवढे केले तेवढे उभे. माझ्या कचेरीतल्या चार पायांच्या टेबलाखाली मी नोकरीभर कागदाची घडी घालत आलो होतो, आणि टेबल का हलतं हे मला निवृत्त झाल्यावर पोळ्याच्या आदल्या दिवशी कळलं.

घरी जाताना बाईंनी पोरांना एकच गोष्ट सांगितली. उद्या खरा बैल बघा आणि देवाने त्याला चौथा पाय कशाला दिला ते मला येऊन सांगा. पोळा झाला. मी मुद्दाम खाली जाऊन बसलो होतो, उत्तर मलाही पाहिजे होतं. कुणी म्हणालं शेपटीजवळ मोकळं दिसतं म्हणून. कुणी म्हणालं झूल बसत नाही म्हणून. विराज सगळ्यांत शेवटी बोलला.

"चालताना एक उचलतो. मग तीन ऱ्हातात."

बाईंनी त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. चार वर्षांच्या पोराने चारातून एक वजा केला होता, आणि तोही बैल पडू न देता. मी धावतच वर येऊन सुलभाला हे सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुम्हाला शांतता पाहिजे होती."

अक्षरांचंही तसंच. दसऱ्याला 'द' यायचा. बाई 'द' फळ्यावर मोठा काढायच्या, पोरांच्या बोटांनी गिरवून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आता हा गावात सुटला. घरी जाताना धरून आना." म्हणजे घरी जाताना दुकानांच्या पाट्यांवर जिथे 'द' दिसेल तिथे थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं. आयांना कामं असतात, पण पोरं हात सोडून पाट्यांकडे धावायची. दवाखाना, दही, दूध डेअरी. दसऱ्याच्या आठवड्यात निलंग्याच्या बायका घरी उशिरा पोचत होत्या याला मी साक्षीदार आहे.

एकदा एक वडील तावातावाने आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. "बाई, हे काय शिकवून राहिलाव? पोरगं काल भर चौकात वरडलं, पप्पा, हितं लई द हायत. बघतो तर देशी दारूचं दुकान. सगळी लोकं माझ्याकडं बघाय लागली."

बाईंनी गंभीरपणे बोटं उघडली. "देशी. दारू. दुकान. तीन झाले. बाकी गावात कुनाला तीन एका ठिकानी सापडले न्हाईत."

"अहो पण…"

"वाचलं ना त्यानं? बरोबर वाचलं ना?"

वडील हळूच म्हणाले, "बरोबर वाचलं." जाताना जिन्यापाशी मला म्हणाले, पोरगं चार वर्षांचं आहे, अजून नीट जेवत नाही, पण वाचलं. तक्रार घेऊन आलेला माणूस चेहऱ्यावर बक्षीस लागल्यासारखा आनंद घेऊन परत गेला. कचेरीत इतक्या वर्षांत मला हे एकदाही जमलं नव्हतं.

रमजान ईदला शिरखुर्म्याचा सुकामेवा निवडायचा असायचा. काजू एका वाटीत, खारीक एका, चारोळी एका. निवडता निवडता पोरं खायची. बाई ओरडत नसत. त्या विचारायच्या, "आधी किती होते? आता किती उरले? मग बाकीचे कुटं गेले?" आणि चारोळ्या तोंडात धरलेलं पोर प्रामाणिकपणे पोटावर हात ठेवायचं.

हे सगळं मी हसत सांगतोय. पण ज्या वर्षामुळे बाई माझ्या मनात कायमच्या बसल्या, त्या वर्षी त्यांच्याकडे सुजाता आली आणि हसण्याचं काही कारण नव्हतं.

सुजाताची आई उज्ज्वला सरकारी दवाखान्यात नर्स होती. वडील बिलोलीला नोकरीला, महिन्यातून एकदोनदा यायचे. पोरगी वाढली ती आजोबांच्या मांडीवर. आजोबा किसनराव मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते, धान्य मोजून द्यायचं त्यांचं काम. आता मोंढ्यात सगळं वजनकाट्यावर गेलंय, पण वयामुळे काम सुटलं तरी त्यांची सवय सुटली नव्हती. सकाळी नातीला घेऊन ते मोंढ्यात जाऊन बसत.

उज्ज्वला पहिल्या दिवशी आली ती दारातच उभी राहून बोलली. पोरीला शाळेच्या छोट्या वर्गात घालायला नेलं होतं. मॅडमनी समोर पेन्सिली ठेवल्या आणि मोज म्हणाल्या. पोरगी पहिल्या पेन्सिलीला हात लावून म्हणाली, 'लांब'. परत विचारलं, परत 'लांब'. बाकीची मुलं हसली. मॅडम भल्या होत्या, त्यांनी सांगितलं, समोरची वस्तू लांब आहे म्हणते, डोळे तपासून घ्या.

"डोळे दाखवले. एकदम चांगले हायत म्हणाले," उज्ज्वला म्हणाली. "मग शाळेतनं म्हणाले, तसं असंल तर डोक्याचं दाखवा. एक वर्ष बालवाडीत ठेवा. पुढच्या जूनला परत बघू. तवा बी अशीच ऱ्हायली तर वेगळ्या शाळेचं बघावं लागंल." ती नर्स होती, रोज दुसऱ्यांना धीर द्यायची. आज ती स्वतः धीर मागत होती. "बाई, माझी पोरगी मंद हाय का?"

"मला आठवडाभर बगू द्या," बाई म्हणाल्या.

आठवडा झाला, महिने झाले. पोळा झाला, दसरा झाला. सुजाता बोलायची, खेळायची, गाणी म्हणायची. फक्त मोज म्हटलं की खाली बघायची. ओठ मिटलेले. दिवाळीला बाईंनी मातीच्या पणत्या आणल्या आणि पायरीवर मांडायला दिल्या. प्रत्येकाने आपली रांग मांडायची आणि मोजायची. सुजाताची पाळी आली. तिने पहिल्या पणतीला बोट लावलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. बाईंना तेच ऐकू आलं. मलाही.

"लांब होतंय होय बाळा? घे, जवळ घे." बाईंनी पणत्यांचं ताट तिच्याकडे सरकवलं.

पोरगी ताटाकडे बघत राहिली. मग तिने हात मागे घेतला आणि फ्रॉकखाली लपवला. त्यानंतर तिने मोजायला तोंड उघडलं नाही.

बाई त्या संध्याकाळी आमच्याकडे चहाला आल्या होत्या. चहा निवला तरी कप हातातच. "वहिनी, हिला येतंय," त्या सुलभाला म्हणाल्या. "फराळ वाटायला दिला तर एक पोरगं सुटत न्हाई, एक जास्त होत न्हाई. येतंय हे मला दिसून राहिलंय. पन ती मला सांगून न्हाई राहिली. कायतरी माझंच चुकतंय."

मला त्यांच्याविषयी वाटणारा आदर त्या वाक्याने दुप्पट झाला. इतक्या मोठ्या माणसांनी त्या पोरीकडे बघून पोरीत काय चुकलंय ते शोधलं होतं. बाई स्वतःत शोधत होत्या. शोधून सापडत नव्हतं, त्यामुळे त्या दिवाळीला बाई वाळल्यासारख्या दिसल्या.

इकडे उज्ज्वलाने लातूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे नंबर लावला. संक्रांतीनंतरची तारीख मिळाली. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, "संक्रांत होऊ द्या."

प्रत्येक सणाला कुणाच्या तरी घरचं म्हातारं माणूस बोलवायचं, हा बाईंचा नेम होता. आपल्या सणाचं आपल्या तोंडाने सांगावं. त्या संक्रांतीला त्यांनी किसनरावांना बोलावलं. सुगडात, म्हणजे संक्रांतीच्या छोट्या मडक्यात, गहू, हरभरा, बोरं, उसाचे तुकडे भरायचे होते. मापाडी माणूस, गहू त्यांनीच मोजून द्यावा. म्हातारा खूश झाला. धोतर, डोक्याला पांढरा रुमाल आणि पिशवीत मुलांच्या हातात मावेल असं पितळी माप. मधोमध बैठक मारून बसले, गव्हाच्या ढिगात माप बुडवलं, वरचे दाणे हाताने सपाट केले आणि पहिलं सुगड भरलं.

"लाभ," ते म्हणाले. खणखणीत. मोंढ्यात शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू जावं तसं. मग दुसरं माप. "दोन." तिसरं. "तीन."

पोरांनी एकच कल्ला केला. "आजोबा, एक ऱ्हायला. आजोबा चुकले." कुणी टाळ्या पिटल्या. किसनराव गोंधळून हसले.

तेवढ्यात सुजाता उठली. गर्दीतून वाट काढत आजोबांच्या बाजूला जाऊन उभी राहिली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या वर्गाला रागावून म्हणाली, "आज्या चुकला न्हाई. पयल्याला एक न्हाई म्हनत. लाभ म्हनत्यात."

खोलीत एकदम शांतता झाली. मला आयुष्यात हवी होती तशी. आणि त्या शांततेत पोरीने एकेका सुगडाला बोट लावत मोजायला सुरुवात केली. "लाभ, दोन, तीन, चार, पाच…" आकडा पुढे पुढे जात राहिला. सगळी सुगडं संपली तेव्हा तिने शेजारी बसलेली पोरं मोजायला घेतली.

किसनराव बाईंना समजावत होते. "आमच्यात पयल्या मापाला एक म्हनायची रीत न्हाई, बाई. घरात दाना यायलाय, त्याला एकला कशाला म्हनायचं. लाभ म्हनायचं. हिला मांडीवर घेऊनच मोजलं मी सगळं, ती तसंच शिकली." बाई ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्या पोरीकडे बघत होत्या. मग बसल्या जागेवरून सरकत सरकत तिच्यापर्यंत गेल्या.

"बाळा, दिवाळीला पनतीला तू मला लाभ म्हनलीस?"

पोरीने मान हलवली.

"आन् शाळेत पेन्सिलीला?"

परत मान हलवली.

"मग मी काय केलं?"

"ताट सरकवलं."

बाईंनी आपले दोन्ही कान दोन्ही हातांनी धरले. सगळ्या वर्गासमोर, दारात जमलेल्या आयांसमोर. "चुकलं माझं. तू बरोबर सांगितलं व्हतंस. ह्या कानांनी चुकीचं ऐकलं." वर्गातलं एखादं पोर चुकलं की बाई त्याला कधी कान धरायला लावत नव्हत्या. स्वतःचे मात्र त्यांनी असे धरले की सोडायचं विसरल्या. शेवटी सुजातानेच त्यांचे हात खाली केले.

उज्ज्वला ड्यूटी संपवून तशीच आली होती, दवाखान्याच्या कपड्यांत. ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "आन् आम्ही डोळे तपासले."

लातूरची तारीख तिने रद्द केली.

दुसरं कुणी असतं तर गोष्ट इथे संपवली असती. पोरीला सांगितलं असतं, लाभ विसर, एक म्हण. शाळेत तेच लागणार होतं. बाईंनी फरशीवर खडूने दोन घरं काढली. एक घर आणि एक शाळा. "घरी लाभ. शाळेत एक. दोन्ही खरे. ज्या घरी जाऊ तिथलं बोलायचं." मग वर्गाला विचारलं, तुमच्या घरी पहिल्याला काय म्हणतात ते विचारून या. आठवडाभर बालवाडीत जगातले सगळे 'एक' गोळा होत होते. सीमेपलीकडच्या आजीचा नातू कानडी 'ओंदु' घेऊन आला. एकाने 'वन' आणला, त्याला जरा शिष्टपणा चढला. मी जिन्यावर होतो. लहानपणी विटीदांडू खेळताना आम्ही 'वकट, लेंड, मूंड' म्हणायचो. काय म्हणतोय ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते एक, दोन, तीनच होते हे आत्ता माझ्या लक्षात आलं आणि मी वरूनच ओरडलो, "वकट!"

"या भाऊसाहेब, खाली या," बाई म्हणाल्या. "तुमचा बी एक लिहून घेऊ."

मी खाली गेलो. फरशीवर बसलो. माझ्यासाठी त्यांनी तिसरं घर काढलं आणि त्याच्यापुढे एक मैदान.

पण शाळा बाकी होती. जिथे पोरं एकदा तिला हसली होती, त्याच खोलीत, त्याच मॅडमसमोर तिला तोंड उघडायचं होतं. उन्हाळाभर उज्ज्वलाला तीच धास्ती होती. बाईंचं वेगळंच निघालं. नांदेडला त्यांचा मुलगा असतो, सुनेचे दिवस भरत आले होते, गुडघ्यांवर उपचारही तिकडेच करायचे होते. बालवाडी बंद करून त्या कायमच्या नांदेडला जायला निघाल्या. फक्त जूनमधल्या त्या एका सकाळसाठी थांबल्या. शाळेतून तडक दुपारची बस धरायची होती. त्यांची बॅग माझ्या हातात.

उज्ज्वला सुजाताला घेऊन आत गेली. किसनराव, बाई आणि मी बाहेर व्हरांड्यात. खिडकी उघडी होती. बाई खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, भिंतीला टेकून.

"मॅडमनी पेन्सिली काढल्या," मी सांगितलं.

"हं."

"ठेवल्या समोर. बघतेय पेन्सिलींकडे." पोरगी बघतच राहिली. उज्ज्वलाने पदराचं टोक मुठीत धरलेलं मला दिसत होतं. "बोलत नाहीये, बाई."

"घाई कशाला," बाई म्हणाल्या. पण पुढचं त्यांच्याने म्हणवलं नाही.

मग आतून पोरीचा आवाज आला. "मॅडम, ही शाळा हाय ना?"

"हो, शाळाच आहे," मॅडम म्हणाल्या.

"मग हितं एक म्हनायचं. एक, दोन, तीन…"

पेन्सिली संपल्या. मॅडमनी अजून आणल्या, त्याही संपल्या. त्यांना कुतूहल आवरलं नसावं. "आणि शाळा नसती तर काय म्हणाली असतीस गं?" त्यांनी विचारलं. पोरीने सांगितलं. मग मॅडमना ते पुन्हा समजावून सांगितलं, कारण त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं.

किसनरावांनी रुमाल काढून तोंड पुसलं. बाई भिंतीला टेकलेल्याच होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

सुजाता बाहेर आली ती पळतच. पटांगणात घसरगुंडी होती, नवी, लाल. आजोबांचं बोट धरून ती त्यांना ओढत तिकडे गेली. बाईंच्या अगदी जवळून गेली, त्यांच्या साडीला तिचा हात घासला, पण तिने मान वर केली नाही. उज्ज्वला मात्र थांबली. बाईंच्या पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिला मध्येच धरलं.

मला पोरीचा राग आला. "अहो, तिने वळूनसुद्धा बघितलं नाही," मी बसस्टँडच्या वाटेवर म्हणालो. "तुम्ही तिच्यासाठी थांबलात."

"लई बरं झालं," बाई म्हणाल्या. "तिला आता शाळा दिसून राहिली. मीच दिसून राहिले असते तर माझं काम कच्चं ऱ्हायलं म्हनायचं." त्यांचा चेहरा प्रसन्न होता. थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, तुमाला एक कुनी शिकवला?"

मी विचार केला. हेडमास्तर आठवले, गणिताचे मास्तर आठवले, छडी मारणारे तर सगळेच आठवले. पण हे बोट, हा एक, असं मला पहिल्यांदा कुणी सांगितलं, कुणाच्या मांडीवर की कुठल्या फरशीवर, काहीच आठवेना. ना नाव, ना चेहरा. इतकी वर्षं त्या एकावर मी सगळी नोकरी केली, सगळा संसार केला.

"नाही आठवत," मी म्हटलं.

"मलाबी न्हाई," बाई म्हणाल्या आणि बसची पायरी चढल्या. चढताना 'या अल्ला' दोनदा म्हणाल्या.

मी बॅग आत दिली आणि खिडकीखाली उभा राहिलो. त्यांच्या शेजारच्या बाईच्या मांडीवर एक पोर रडत होतं. जैबूबाईंनी आपला हात त्याच्यापुढे धरला, त्याने रडता रडता त्यांचं एक बोट पकडलं आणि त्या त्याच्याशी काहीतरी बोलायला लागल्या. बस सुटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. निरोपासाठी वर केलेला माझा हात खाली घ्यायला मला जरा वेळ लागला.